स्पे नदीवर गळ टाकण्याआधी: सॅमन आणि ट्राउटबद्दल मराठी पाहुण्यांचे नेहमीचे प्रश्न

मी स्कॉटलंडमध्ये इन्व्हरनेसला राहतो आणि स्पे नदीच्या मधल्या टप्प्यावर मासेमारी सांभाळणाऱ्या एका क्लबचा अकरा वर्षांपासून सभासद आहे. मूळचा चिपळूणकडचा. दर उन्हाळ्यात लंडन, लीड्स, पुणे, ठाणे अशा ठिकाणांहून ओळखीचे, ओळखीच्यांचे ओळखीचे फोन करतात: "तुमच्याकडे सॅमन पकडायला येऊ का?" जरूर या. मात्र येण्याआधी हे वाचा, कारण तेच ते प्रश्न येतात आणि फोनवर घाईत दिलेलं उत्तर कधीकधी अपुरं पडतं.

सॅमन म्हणजे आपला रावसच ना?

नाही. मासळी बाजारात रावसाला "इंडियन सॅमन" म्हणायची सवय लागली आहे, पण दोघांचा काही संबंध नाही. रावस समुद्रातला आणि खाडीतला मासा. त्याच्या छातीच्या परांखाली दोऱ्यांसारखे तंतू असतात. अटलांटिक सॅमनचं कूळ वेगळं, ट्राउट त्याचा सख्खा नातलग. सॅमन गोड्या पाण्यात जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा गोड्या पाण्यात येतो. शिवाय दुकानात मिळणारा नारिंगी मांसाचा अटलांटिक सॅमन जवळपास सगळा पिंजऱ्यात वाढवलेला असतो. तो खाऊन स्पेच्या सॅमनची कल्पना येणार नाही.

मग सॅमन का चढतो नदीत?

कोकणातल्या माणसाला हे समजावणं सर्वांत सोपं. मृगाचा पहिला जोरदार पाऊस पडला की वहाळ भरतात आणि मासे प्रवाहाच्या उलट, शेतांकडे निघतात. आमच्याकडे त्यांना चढणीचे मासे म्हणतात, रायगडकडे वलगणीचे. सॅमनची चढण तशीच. फरक एवढाच की हा मासा त्यासाठी ग्रीनलंडच्या किंवा नॉर्वेजवळच्या समुद्रातून येतो.

ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत मादी वरच्या ओढ्यांमध्ये शेपटीने वाळू-गोटे उकरून खड्डा करते आणि गाभोळी तिथे सोडते. वजनाच्या दर किलोमागे हजार-दीड हजार अंडी असतात. वसंतात पिल्लं बाहेर येतात आणि दोन-तीन वर्षं नदीतच राहतात. त्या वयात त्यांच्या अंगावर बोटांचे ठसे उमटल्यासारखे पट्टे असतात, त्यांना पार म्हणतात. मग एका एप्रिल-मे महिन्यात अंग चंदेरी होतं, नाव बदलून स्मोल्ट होतं आणि बोटभर लांबीचा तो जीव समुद्राकडे निघतो. एक हिवाळा समुद्रात काढून परतलेला ग्रिल्स, दोन-तीन हिवाळे काढून आलेला मोठा सॅमन. परतीला तो स्वतःच्या नदीचा वास ओळखून येतो. बहुतेक मासे अंडी घातल्यानंतर मरतात. थोडे थकून, बारीक होऊन समुद्राकडे वळतात आणि त्यांतले काही पुढच्या खेपेला पुन्हा येतात.

माझे आबा पाग, म्हणजे फेकायचं जाळं, टाकण्यात पटाईत होते. तरी चढणीचा मासा गाभोळीने फुगलेला दिसला की ते पाग खांद्यावरच ठेवायचे. "आता नको, हिचं काम होऊ दे." इथे क्लबात नियमांची छापील पुस्तिका हातात पडली तेव्हा मला आबांचं ते वाक्य आठवलं.

नदीत आलेला सॅमन काही खात नाही म्हणतात. मग गळाला लागतो कसा?

खरं आहे, गोड्या पाण्यात आल्यावर तो खाणं थांबवतो. महिनोन्‌महिने समुद्रात साठवलेल्या चरबीवर जगतो. तरी पाण्यातून झुकत जाणारी फ्लाय, म्हणजे पिसं आणि केस बांधून केलेली कृत्रिम माशी, त्याच्या तोंडासमोरून गेली की कधीतरी तो झडप घालतो. राग, जुनी सवय, कुतूहल, जागेचा हक्क अशी कारणं सांगतात. तीस वर्षं नदीवर काढलेले घिली, म्हणजे पाहुण्यांना वाट दाखवणारे नदीचे जाणकार, एकाच कारणावर एकमत झालेले मी पाहिले नाहीत. ट्राउट मात्र खातो, भरपूर खातो. त्याच्यासाठी पाण्यावर कुठले किडे उडताहेत ते बघून फ्लाय निवडावी लागते.

ट्राउट आणि सॅमन ओळखायचे कसे? दोन्हींवर ठिपके दिसतात.

हे शिकल्याशिवाय गळ टाकू नका, कारण चुकीने ठेवलेला मासा गुन्हा ठरू शकतो. ब्राउन ट्राउट आणि समुद्रात जाऊन येणारा सी ट्राउट ही एकच जात, फक्त जगण्याची तऱ्हा वेगळी. सी ट्राउट सॅमनसारखाच चंदेरी दिसतो, म्हणून घोटाळा होतो. शेपटीच्या बुडाशी बघा. सॅमनची तिथली कंबर बारीक असते आणि हातात धरली तर पकड बसते, सी ट्राउटची जाड असते आणि हातातून निसटते. सॅमनच्या शेपटीला खाच असते, सी ट्राउटची शेपटी सरळ कापल्यासारखी. सी ट्राउटच्या अंगावर मधल्या रेघेखालीही बरेच ठिपके असतात.

लहान माशांमध्ये पाठीवरचा छोटा मांसल पर बघा. ट्राउटचा तो पर नारिंगी-लालसर झाक मारतो, सॅमनच्या पारचा राखाडी असतो. पार नेहमी परत सोडायचा. शंका आली तरी सोडायचा.

नदी क्लबची असते म्हणजे काय? नदी कुणाच्या मालकीची कशी असेल?

आपल्याकडच्या माणसाला हे सगळ्यात विचित्र वाटतं. मलाही वाटलं होतं. स्कॉटलंडमध्ये वाहत्या पाण्याचा मालक कुणी नाही, पण सॅमन पकडण्याचा हक्क ही जमिनीसारखी स्वतंत्र मालमत्ता आहे. ती विकता येते, वारशाने मिळते, भाड्याने देता येते. काठावरचं शेत एकाचं आणि समोरच्या डोहातल्या सॅमनचा हक्क दुसऱ्याचा, असंही होतं. नदीचे असे तुकडे पाडलेले असतात, त्यांना बीट म्हणतात. खालच्या स्पेवरचे नावाजलेले बीट मोठ्या इस्टेटींकडे आहेत आणि चांगल्या आठवड्यात तिथल्या एका दिवसाला काही शे पौंड लागतात.

म्हणून क्लबचं मोल आहे. ग्रँटाउनची स्ट्रॅथस्पे अँगलिंग इम्प्रूव्हमेंट असोसिएशन, बोट ऑफ गार्टनची अबरनेथी अँगलिंग इम्प्रूव्हमेंट असोसिएशन अशा संस्थांमुळे गावातला सुतार, शाळेतली बाई, निवृत्त पोस्टमन यांना आणि गावात मुक्काम करणाऱ्या पाहुण्यांनाही परवडणाऱ्या दरात त्याच नदीवर उभं राहता येतं. नावातच "इम्प्रूव्हमेंट" आहे. नदी सुधारणं हा या मंडळींचा जुना हेतू आणि आजही क्लबच्या सभांमध्ये निम्मा वेळ त्यावरच जातो.

सॅमनसाठी कायदा कडक आहे. हक्क नसताना किंवा लेखी परवानगी नसताना सॅमनवर गळ टाकणं हा फौजदारी गुन्हा आहे, २००३ च्या सॅमन आणि गोड्या पाण्यातील मासेमारीविषयीच्या कायद्याखाली. त्याच साली आलेल्या जमीन सुधारणा कायद्याने स्कॉटलंडमध्ये कुणालाही जबाबदारीने जवळपास कुठेही चालण्याचा हक्क दिला आहे. त्यामुळे तुम्ही नदीकाठाने खुशाल फिरू शकता. मासेमारी मात्र त्या हक्कात येत नाही. माझ्या एका मित्राच्या पाहुण्याने ही गल्लत केली होती: "काठावर फिरायला मोकळीक आहे ना, मग गळ टाकला तर काय?" नदीवरच्या बेलिफने, म्हणजे मासेमारीवर लक्ष ठेवणाऱ्या रक्षकाने, त्याची गळाची काठी जप्त केली.

सरकारी परवाना लागतो का?

इंग्लंड आणि वेल्समध्ये सरकारी रॉड लायसन्स लागतं. स्कॉटलंडमध्ये बॉर्डर एस्क नदी सोडली तर असं लायसन्स नाही. इथे फक्त त्या पाण्याचं परमिट लागतं. क्लबचं परमिट गावातल्या मासेमारीच्या सामानाच्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळतं. ते खिशात ठेवा. बेलिफ विचारेल, आणि इतर सभासदसुद्धा विचारू शकतात. विचारलं म्हणून अपमान वाटून घेऊ नका, मला आजही विचारतात आणि मीही विचारतो.

परमिट घेताना त्या वर्षाचे नियम नीट वाचा. ट्राउटचं परमिट वेगळं आणि सॅमनचं वेगळं असू शकतं. फ्लाय, स्पिनर (पाण्यात फिरणारं चकचकीत आमिष), गांडूळ यांपैकी काय कुठल्या महिन्यात चालतं, गळाच्या टोकामागचा उलटा काटा चालतो की नाही, ते क्लबागणिक बदलतं.

हंगाम कुठला? सुट्टीच्या रविवारी आलो तर?

स्पेवर सॅमनचा हंगाम ११ फेब्रुवारी ते ३० सप्टेंबर. ब्राउन ट्राउटचा सगळ्या स्कॉटलंडमध्ये १५ मार्च ते ६ ऑक्टोबर. प्रत्येक नदीची सॅमनची तारीख वेगळी असते: टे नदी १५ जानेवारीलाच उघडते, ट्वीड ३० नोव्हेंबरपर्यंत चालू असते.

रविवारी सॅमन आणि सी ट्राउट पकडायला कायद्यानेच बंदी आहे. शनिवार-रविवार जोडून येणाऱ्यांची इथेच निराशा होते. शुक्रवारी सुट्टी काढा.

कुठला आठवडा चांगला, असं विचाराल तर मी पाहुण्यांना जूनच्या मध्यावर बोलावतो. स्पे ही सी ट्राउटची फार चांगली नदी आहे आणि सी ट्राउट रात्री फ्लाय घेतो. जूनमध्ये इथे सूर्य दहाच्या पुढे मावळतो आणि त्यानंतरही उत्तरेचं आभाळ पूर्ण काळं होत नाही. दिवसा निपचित वाटणाऱ्या डोहात साडेअकराला एकामागून एक मासे उसळायला लागतात. अंधारात काठीला बसलेला तो पहिला झटका कोपरापर्यंत जातो. दिवसभर सॅमनसाठी उभं राहून काही न मिळालेला पाहुणासुद्धा त्या रात्रीनंतर पुढच्या वर्षाची तारीख विचारतो.

काठी कुठली आणावी? ती लांबलचक दोन हातांची काठी जमेल का मला?

ट्राउटसाठी नऊ-दहा फुटांची एका हाताची फ्लाय काठी पुरते. मोठ्या पाण्यात सॅमनसाठी तेरा ते पंधरा फुटांची दोन हातांची काठी वापरतात. गळ टाकण्याची एक पद्धत या नदीच्या नावानेच जगभर ओळखली जाते, स्पे कास्टिंग. स्पेच्या काठावर मागे झाडी आणि उंच कडा असल्यामुळे दोरी पाठीमागे लांब फेकायला जागा नसते. म्हणून दोरी पाण्यावरच टेकवून, शेजारी तिचा पोटासारखा फुगा करून, त्याच्या जोरावर ती समोर उलगडायची. वारा नदीच्या वरून खाली वाहतोय की खालून वर, त्यावर स्पे कास्टिंगचा कुठला प्रकार करायचा ते ठरतं. चुकलात तर फ्लाय कानात बसते. म्हणून चष्मा आणि टोपी घातल्याशिवाय मी कुणाला काठी देत नाही.

एका सकाळीत कामापुरतं येतं. गरवायची, म्हणजे गळाने मासे धरायची, सवय असलेल्या मालवण-वेंगुर्ल्याच्या माणसांना दोरी धरायचं भान आधीच असतं. ताकद लावायची खोड मोडायला मात्र त्यांना जास्त वेळ लागतो.

फ्लायची नावं इथे रोज कानावर पडतील: मन्रो किलर, अ‍ॅलीज श्रिम्प, स्टोट्स टेल, कॅस्केड. पाणी चढलेलं आणि गार असेल तर मोठी, जड फ्लाय. उन्हाळ्यात पाणी उतरलं की नखाएवढी. एक गोष्ट आपल्या लोकांना सांगायला मला फार आवडते. सॅमनच्या जुन्या, देखण्या फ्लायच्या दोन्ही बाजूंना मेणासारखं चमकणारं, पिवळट-पांढऱ्या ठिपक्यांचं छोटं पीस असतं. ते सह्याद्रीतल्या राखी रानकोंबड्याच्या मानेचं. एके काळी ही पिसं भारतातून पेट्याच्या पेट्या भरून इकडे येत. आता भारतातून त्यांची निर्यात बंद आहे आणि इथले लोक पाळलेल्या पक्ष्यांची पिसं वापरतात. पहिल्यांदा ते पीस हातात घेतलं तेव्हा मला वासोट्याच्या जंगलात पहाटे ऐकलेली त्याची बांग आठवली.

डोहावर आधीच कुणी उभं असेल तर?

डोहाच्या वरच्या टोकाला जाऊन त्याच्या मागे थांबा. इथे कुणी एका जागी ठाण मांडून बसत नाही. एकदा दोरी टाकायची, ती प्रवाहात झुकत काठाला येऊ द्यायची, मग एक-दोन पावलं खाली सरकायचं आणि पुन्हा टाकायची. डोहाच्या शेवटाला पोहोचलात की बाहेर या आणि चालत परत वर जा. पुढच्याच्या खाली जाऊन उभं राहणं म्हणजे लग्नाच्या पंगतीत दुसऱ्याच्या पानावर बसणं. मासा लागल्याचं दिसलं तर स्वतःची दोरी गुंडाळून घ्या, बोलावलं तर जाळं घेऊन मदतीला जा.

पकडलेला सॅमन घरी नेऊन कालवण करता येईल का?

बहुधा नाही. १ एप्रिलच्या आधी पकडलेला प्रत्येक सॅमन सगळ्या स्कॉटलंडमध्ये परत सोडावाच लागतो. त्यानंतरचं नदीवर अवलंबून. २०१६ पासून सरकार दरवर्षी प्रत्येक नदीला प्रत, म्हणजे दर्जा, ठरवून देतं आणि तिसऱ्या प्रतीच्या नदीत वर्षभर एकही सॅमन ठेवता येत नाही. चांगल्या प्रतीच्या नदीतही नदीचं मासेमारी बोर्ड आणि क्लब यांची स्वतःची मर्यादा असते. आणि ठेवण्याची मुभा मिळाली तरी काठीने पकडलेला सॅमन विकणं हा गुन्हा आहे. एखाद्या रेस्टॉरंटने "स्पेचा जंगली, काठीने पकडलेला" असं सांगून ताट पुढे केलं तर उठून या.

नियम इतके कडक का, ते आकड्यांवरून कळतं. स्कॉटलंडमध्ये काठीने पकडलेल्या सॅमनची नोंद १९५२ पासून आहे. २०२३ मध्ये ती ३२,४७७ वर आली. तोवरच्या सगळ्या वर्षांतला तो नीचांक. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत ग्रेट ब्रिटनमधला अटलांटिक सॅमन "धोक्यात" या वर्गात गेला. पूर्वी समुद्रात गेलेल्या शंभर स्मोल्टांपैकी वीस-पंचवीस परतायचे, आता पाचसुद्धा परतत नाहीत. समुद्राचं तापमान, बदललेलं खाद्य, पिंजऱ्यांतल्या माशांपासून पसरणाऱ्या उवा, नद्यांतले बांध, उघडे पडलेले काठ, अशी कारणांची माळच आहे.

ट्राउटच्या बाबतीत काही क्लब ठरावीक लांबीवरचा एखाद-दुसरा ठेवू देतात. मिळाला तर त्याला हळद-मीठ-मिरची लावून तव्यावर टाका, मसाल्याचा भडिमार करू नका.

सोडूनच द्यायचा तर पकडायचा कशाला? जिवाला उगाच त्रास.

हा प्रश्न आईने मला विचारला होता आणि मी तो हलक्यात घेत नाही. माशाला त्रास होतो, हे खरं आहे. काही मासे नीट सोडूनही मरतात. आपल्याकडे महाडजवळ वाळण कोंडीत देवीचे मासे म्हणून शेकडो वर्षं कुणी हात लावत नाही आणि ते महासीर तिथे टिकले आहेत. श्रद्धेने राखलेला असा डोह इथे नाही. इथे नदी राखली जाते ती गळ टाकणाऱ्यांच्या पैशावर आणि पायपिटीवर. स्पे फिशरी बोर्डाचे बेलिफ, माशांच्या पिल्लांची मोजणी, बांधांवरची दुरुस्ती यांचा मोठा खर्च मासेमारीच्या हक्कांवरच्या पट्टीतून येतो. नदीत रात्री कुणी जाळं लावलं, वरच्या शेतातून गढूळ पाणी आलं, तर पहिला फोन आमच्यासारख्या कुणाचा तरी जातो, कारण आम्हीच तिथे पहाटेपासून उभे असतो. उद्या मासेमारी पूर्ण बंद केली तर ती नजर आणि तो पैसा कुठून येईल, याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही. ज्या दिवशी कुणी देईल त्या दिवशी मी काठी भिंतीला टेकवेन.

तोवर माझ्यापुरता हिशोब असा: वर्षाला दोन-तीन सॅमन, बिनकाट्याचा गळ, आणि पाणी तापलं की घरी.

नीट सोडायचं म्हणजे कसं?

मासा पाण्याबाहेर काढायचाच नाही. मजबूत दोर वापरा, लढत लांबवू नका. गाठी नसलेल्या मोठ्या जाळ्यात पाण्यातच धरा. हात ओले करा, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. कल्ल्यांत बोटं घालू नका. काठावरच्या गोट्यांवर ओढलेला मासा बहुतेक वेळा आतून जखमी होतो, तो पोहत गेला म्हणून वाचला असं समजू नका. गळ काढून त्याचं तोंड प्रवाहाकडे करून दोन्ही हातांनी हलकेच आधार द्या आणि थांबा. एक मिनिट, पाच मिनिटं, लागेल तेवढं. शेपटीत जोर आला की तो स्वतः निघतो.

फोटो हवाच असेल तर जोडीदाराने आधी कॅमेरा तयार ठेवावा आणि मासा अर्धा पाण्यात असतानाच काढावा. वजनकाट्याला टांगू नका. लांबी काठीवर खूण करून मोजा. ७६ सेंटिमीटरचा सॅमन साधारण दहा पौंडांचा असतो.

उन्हाळ्यात थर्मामीटर जवळ ठेवा. पाणी २० अंशांच्या आसपास गेलं की त्यातला प्राणवायू कमी होतो आणि थकलेला मासा सावरत नाही. अशा दिवशी क्लब पाणी बंद करतो. तुमचे परमिटचे पैसे गेले असतील, तरी वाद घालू नका.

मधूनच कनूवाले, म्हणजे वल्ह्यांच्या छोट्या होड्यांवाले, जातात, त्यांना हक्क आहे का?

आहे. स्पेवरच्या नौकानयनाचा खटला थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला होता आणि १९७६ मध्ये निकाल कनूवाल्यांच्या बाजूने लागला. रोथीमर्कस आणि अबरनेथीच्या जंगलांतले ओंडके शतकानुशतकं याच पाण्यातून खाली समुद्राकडे सोडले जात, त्यामुळे नदीवर ये-जा करण्याचा लोकांचा हक्क सिद्ध झाला. मला तो निकाल पटतो. कनू दिसली की दोरी गुंडाळा, हात करून कुठल्या बाजूने जायचं ते दाखवा. अर्ध्या मिनिटात पाणी पुन्हा तुमचं.

नदीत उतरणं धोक्याचं आहे का?

हो. स्पे ही स्कॉटलंडच्या मोठ्या नद्यांमधली सर्वांत वेगवान नदी आहे. वरून शांत दिसते, पण मांडीएवढ्या पाण्यात पाय उचलला की कळतं. तळाचे गोटे गोल आणि बुळबुळीत. फुगणारं जीवरक्षक जॅकेट आणि वेडिंग स्टिक, म्हणजे पाण्यात टेकायची काठी, यांच्याशिवाय मी कुणालाही उतरू देत नाही, पोहता येत असलं तरी. पाणी दहा अंशांचं असताना कोयनेत शिकलेलं पोहणं फार वेळ टिकत नाही.

मेच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत मिज नावाची चिलटं ढगासारखी येतात, डोक्यावरची जाळी आणा. आणि घरी गेल्यावर काखा, गुडघ्यामागची जागा, कंबर तपासा, कारण काठच्या गवतात गोचिडी असतात आणि त्यांच्यापासून लाइम रोग होतो. चावलेल्या जागी गोल लाल चट्टा पसरत गेला तर डॉक्टरकडे जायला उशीर करू नका.

माझी वापरातली काठी आणि बूट घेऊन येऊ का?

आणा, पण पूर्ण वाळवून, स्वच्छ करून. नॉर्वेतल्या कित्येक नद्यांमधले सॅमन गायरोडॅक्टिलस सॅलारिस नावाच्या इवल्याशा परजीवीने संपवले. तो ब्रिटनमध्ये अजून आलेला नाही. एका ओल्या बुटातून येऊ शकतो. नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क फिरून येत असाल तर सामान क्लबच्या सांगण्याप्रमाणे निर्जंतुक करून घ्या आणि तसं परमिटवर लिहून द्या. खोटं लिहू नका.

बायका, मुली येतात का मासेमारीला?

येतात, आणि ब्रिटनमध्ये काठीने पकडलेल्या सर्वांत मोठ्या सॅमनचा विक्रम एका बाईच्याच नावावर आहे. ७ ऑक्टोबर १९२२ ला जॉर्जिना बॅलंटाइन यांनी टे नदीवर ग्लेनडेल्विनच्या पाण्यात, वडिलांसोबत होडीत असताना, ६४ पौंडांचा मासा काढला. म्हणजे २९ किलो. दोन तासांहून अधिक वेळ तो त्यांना नदीतून खाली ओढत होता. त्याचा साचा पर्थच्या संग्रहालयात आहे, जाताना वाटेत बघा. शंभर वर्षं उलटली, विक्रम तसाच आहे.

मुलांसाठी बऱ्याच क्लबांत स्वस्त किंवा मोफत परमिट असतं. मुलांना आधी ट्राउटवर आणा. सॅमनची वाट बघताना मोठ्यांचाही धीर सुटतो.

क्लबचे लोक हंगाम संपल्यावर काय करतात?

हिवाळ्यात वरच्या ओढ्यांवर झाडं लावतो, कारण सावली नसलेला ओढा जुलैमध्ये पिल्लांना शिजवतो. मेंढ्या-हरणांपासून रोपं वाचवायला कुंपण घालतो. नदीतले दगड हलवून, जाळीत किडे गोळा करून मोजतो. मेफ्लाय, स्टोनफ्लाय अशा किड्यांची संख्या अचानक कोसळली तर वर कुठेतरी काहीतरी सांडलंय असं समजायचं. काठावर शिंपल्यांचा खच दिसला तर लगेच कळवतो. स्पेमध्ये गोड्या पाण्यातले मोत्यांचे शिंपले आहेत. ते शंभर वर्षांहून जास्त जगतात, आणि त्यांची पिल्लं पहिले काही महिने सॅमन-ट्राउटच्या पिल्लांच्या कल्ल्यांना चिकटून वाढतात. म्हणजे सॅमन गेला तर शिंपलाही गेला. शिंपल्याला हात लावणं गुन्हा आहे, म्हणून पाण्यात चालतानाही पाऊल बघून टाका.

वरच्या भागात नदीचं पाणीच कमी आहे, हे आमचं जुनं दुखणं. १९४० च्या दशकात लॅगनजवळ बांधलेल्या धरणातून स्पेचं पाणी पश्चिमेला, फोर्ट विल्यमच्या अ‍ॅल्युमिनियम कारखान्याच्या विजेसाठी वळवलं जातं. मुळशीचं पाणी घाटाखाली उतरवलेलं ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं समजावायला नको.

शेपटीवर मोठे काळे ठिपके असलेला वेगळाच मासा लागला तर?

तो गुलाबी सॅमन, पॅसिफिकमधला. रशियाने उत्तरेच्या नद्यांत सोडला आणि तिथून इकडे पसरला. त्याचं चक्र दोन वर्षांचं असल्यामुळे २०१७ पासून विषम सालांमध्ये तो इथे दिसतो. हा एकच मासा परत सोडायचा नाही. खात्री करून, चटकन मारून बोर्डाला कळवा.

भारतात असं काही आहे का?

ट्राउट आहे. १९०० च्या सुमारास ब्रिटनमधून आणलेल्या अंड्यांपासून काश्मीरमध्ये ब्राउन ट्राउट वाढवला गेला, पुढे कुलूकडे, आणि दक्षिणेत निलगिरी आणि मुन्नारच्या थंड पाण्यात रेनबो ट्राउट. हिमाचलात तीर्थन नदीवर परमिट घेऊन गळ टाकता येतो. पण महाराष्ट्रातल्या माणसाने आधी महासीर ओळखावा असं मला वाटतं. लोणावळ्याला टाटा पॉवरच्या उबवणी केंद्रात कित्येक दशकं महासीरची पिल्लं तयार होतात आणि देशभरच्या नद्यांत सोडली जातात. सुट्टीत चिपळूणला जाताना मी वाट वाकडी करून तिकडे जातो.

आठवडाभर उभा राहिलो आणि एकही मासा लागला नाही. आता?

परमिटसोबत नोंदीचा कागद मिळतो. हक्कधारकाला दरवर्षी पकडीची आकडेवारी सरकारला द्यावी लागते आणि क्लब ती तुमच्या कागदांवरून बनवतो. रिकामा कागद खिशात घेऊन गेलेला पाहुणा आमच्या हिशोबात येतच नाही. मग मासे कमी आहेत की माणसंच कमी आली, ते कळत नाही. म्हणून तारीख, डोहाचं नाव, किती तास उभे होता ते लिहा, माशांच्या रकान्यात शून्य लिहा, आणि जाण्याआधी कागद दुकानातल्या पेटीत टाका.